वाविलोव्हची वाट आणि घरचे बी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



भाव, कर्ज, वीज या विषयांवर माझ्या आधी बोलणे झाले आहे आणि नंतरही होणार आहे. मला बियाण्यावर बोलायला सांगितले आहे. बियाणे म्हटले की आपल्याला पाकिटाची किंमत आठवते, न उगवलेले बी आठवते, दुबार पेरणी आठवते. ते विषय आहेतच. पण आज मी तुम्हाला जरा लांबच्या वाटेने नेणार आहे.

शंभर वर्षांपूर्वी एक माणूस घोड्यावर, खेचरावर बसून देशोदेशी बी गोळा करत हिंडला. त्याने टिपणे ठेवली, नकाशे ठेवले. पुढे दुसरे लोक मोटारीने त्याच वाटेवर गेले. पहिल्या माणसाला ज्या खोऱ्यात जे बी मिळाले ते तिथे अजून आहे का, हे त्यांना पाहायचे होते. काही ठिकाणी ते होते, काही ठिकाणी नव्हते. बी कुठे राहिले, कुठे गेले आणि का गेले, याचा हिशेब कोरडवाहू शेतकऱ्याने समजून घ्यावा, एवढ्यासाठी ही गोष्ट सांगतो.

माणूस कोण होता

निकोलाय वाविलोव्ह हे नाव आम्ही कृषी महाविद्यालयात परीक्षेपुरते पाठ केले होते. 'पिकांच्या उगमाची आठ केंद्रे सांगणारा रशियन शास्त्रज्ञ'. उत्तर लिहिले की दोन मार्क मिळायचे. तो माणूस जगला कसा आणि मेला कसा, हे काही कुणी शिकवले नाही.

वाविलोव्ह १८८७ साली मॉस्कोत जन्मला. तो लहान असताना, १८९१-९२ मध्ये, रशियात मोठा दुष्काळ पडला. १९२१ साली व्होल्गा नदीच्या खोऱ्यात पुन्हा पडला आणि लाखो माणसे मेली. त्याचे म्हणणे साधे होते. पाऊस आपल्या हातात नाही, थंडी आपल्या हातात नाही. पण जगभरच्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षे निवडून ठेवलेल्या बियांत पाण्याचा ताण सोसणारे, थंडी सोसणारे, रोगाला दाद न देणारे गुण आहेत. ते एका जागी आणा, त्यांचा संकर करा, म्हणजे दुष्काळाला तोंड देता येईल.

मग तो निघाला. १९१६ साली इराण आणि पामीर. १९२४ साली अफगाणिस्तान. १९२६-२७ मध्ये भूमध्य समुद्राकाठचे देश आणि अ‍ॅबिसिनिया, म्हणजे आजचा इथिओपिया. १९२९ मध्ये पश्चिम चीन आणि जपान. त्यानंतर दोन्ही अमेरिका. आपल्याकडे तो स्वतः आला नाही. त्याच्या संस्थेचे मार्कोविच नावाचे शास्त्रज्ञ १९२० च्या दशकात हिंदुस्थानातून नमुने घेऊन गेले. १९४० पर्यंत लेनिनग्राडच्या संस्थेत सुमारे अडीच लाख नमुने जमले होते.

हे नमुने जंगलात पडलेले नव्हते. पिकांचे नमुने मिळाले ते शेतकऱ्याच्या वावरात, त्याच्या कणगीत, आठवडी बाजारातल्या धान्याच्या ढिगात. तो विचारायचा, याला काय म्हणता, कधी पेरता, कशाला खाता. उत्तर देणारा शेतकरी असायचा. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच्या देशाने त्याचे काय केले तेही ऐका. स्टॅलिनच्या सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी सामुदायिक शेतीत घातल्या, धान्य सक्तीने उचलले, आणि १९३२-३३ साली युक्रेनमध्ये व इतरत्र लाखो शेतकरी उपाशी मेले. अशा वेळी सरकारला झटपट उपाय सांगणारा माणूस हवा होता. तो लायसेन्कोच्या रूपाने मिळाला. नवा वाण काढायला दहा-बारा वर्षे लागतात असे वाविलोव्ह म्हणायचा. दोन-तीन वर्षांत करून दाखवतो असे लायसेन्को म्हणायचा. कोण कुणाला आवडणार ते उघड आहे. ऑगस्ट १९४० मध्ये पश्चिम युक्रेनमध्ये बी गोळा करत असतानाच वाविलोव्हला अटक झाली. २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोवच्या तुरुंगात तो मेला. मेला तो उपासमारीने. उभी हयात दुष्काळ हटवण्यात घालवलेला माणूस सरकारने उपाशी मारला.

त्याच काळात जर्मन फौजांनी लेनिनग्राडला वेढा घातला. १९४१ च्या हिवाळ्यात बऱ्याच लोकांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता. संस्थेच्या इमारतीत पोत्यांनी तांदूळ, शेंगा, ओट होते. ते सांभाळणाऱ्यांनी त्यातला दाणा खाल्ला नाही. भुईमुगाचा संग्रह सांभाळणारे श्चुकिन, भाताचा सांभाळणारे इवानोव्ह, ओटचा सांभाळणाऱ्या रोदिना आणि आणखी काही जण त्या बियांच्या शेजारी भुकेने मेले. बियाण्याचा दाणा खायचा नाही, हे आपल्या मायबहिणींना सांगावे लागत नाही. दुष्काळात पोरांना अर्धपोटी ठेवून बियाची गाडगी बंद ठेवणाऱ्या आज्या आपल्या घरात होऊन गेल्या.

पामीरची वाट

आता त्या वाटेवर निघू. गॅरी नॅभन हे अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाचे, लेबनीज घराण्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ. ते वाविलोव्हची टिपणे घेऊन त्याच्या वाटेवरच्या अनेक देशांत फिरले आणि २००८ साली त्यावर त्यांचे पुस्तक निघाले. त्यांच्या वाटेत ताजिकिस्तानचा पामीर होता.

वाविलोव्हने पामीरकडे एक मोठी गोष्ट पाहिली होती. सखल भागात गव्हाचे शेत असते आणि त्यात राय नावाचे धान्य तण म्हणून उगवते. जसजसे डोंगर चढावे तसतशी थंडी वाढते, गहू मागे पडतो आणि राय वाढत जाते. अगदी वर गेले की गहू संपतो आणि शेतकरी रायच पेरतो, रायची भाकर खातो. खाली जे तण तेच वर पीक. म्हणजे कोणते बी चांगले आणि कोणते वाईट हे बियावर नुसते ठरत नाही, जमिनीवर आणि हवेवर ठरते. हे आपल्याला कळते. बरड जमिनीत कोणता वाण टाकायचा आणि भारी काळीत कोणता, हे आपण रोज ठरवतो.

नॅभन गेले तेव्हा तिथल्या पिकांनी जागा बदललेली दिसली. हवा तापत चालली, बर्फ मागे हटले, आणि वाविलोव्हच्या काळी जिथे पीक येत नव्हते अशा उंचीवर शेतकरी आता धान्य घेत होते. हवामान बदलले तेव्हा शेतकऱ्याने बी उचलले आणि डोंगर चढला. गोदामातल्या डब्यातल्या बियाला हे जमत नाही. ते जसे ठेवले तसेच राहते.

पामीरची दुसरी गोष्ट कापूसवाल्यांनी ऐकावी. सोव्हिएत राजवटीत ताजिकिस्तानच्या डोंगरातली कितीतरी कुटुंबे सक्तीने खाली वख्शच्या खोऱ्यात कापूस पिकवायला नेऊन बसवली. डोंगरात जे उरले त्यांना पीठ बाहेरून येऊ लागले. घरचे धान्य पेरायची गरज उरली नाही, तसे पुष्कळ जुने वाण मागे पडले. मग १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला, १९९२ ते १९९७ ताजिकिस्तानात यादवी झाली, रस्ते बंद पडले, पिठाचे ट्रक थांबले. बाहेरची मदत आली म्हणून माणसे वाचली. नंतर सरकारी शेतांची जमीन कुटुंबांना वाटली आणि लोक पुन्हा गहू, जव पेरू लागले. परसात आणि कपारीतल्या तुकड्यांत जे जुने बी टिकले होते ते कामाला आले. बाहेरचे सुधारित बीही आले. त्याने काही ठिकाणी उत्पन्न वाढले आणि काही जुने वाण आणखी मागे गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

काबूलच्या बरण्या

पामीरच्या दक्षिणेला अफगाणिस्तान. वाविलोव्हने १९२४ साली तिथे सुमारे पाच हजार किलोमीटरचा प्रवास तांड्याबरोबर केला आणि तिथल्या शेतीवर ग्रंथ लिहिला. त्या देशाने पुढे स्वतःचाही बियांचा संग्रह केला होता. यादवीत तो नष्ट होऊ नये म्हणून शास्त्रज्ञांनी नमुने गझनी आणि जलालाबादला दोन घरांत लपवून ठेवले. २००२ साली लोक ते आणायला गेले तेव्हा बी जमिनीवर पसरलेले होते आणि प्लास्टिकच्या बरण्या गायब होत्या. चोरांना बरण्या हव्या होत्या. कोणते बी कोणत्या गावचे, हे आता कुणी सांगू शकणार नव्हते.

यावरून बियांची सरकारी कोठारे नकोत असे मी म्हणत नाही. कोठार हवे. पण बी एकाच जागी असेल तर एका रात्रीत जाते. ते शंभर गावांत, हजार घरांत असेल तर एका रात्रीत जात नाही.

ज्वारीचे माहेर

आता आपल्या ज्वारीकडे येऊ. ज्वारी मूळची आफ्रिकेची, सुदान-इथिओपियाच्या बाजूची. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली आणि इथल्या शेतकऱ्याने तिला इथली केली. तेव्हा इथिओपिया हे ज्वारीचे माहेर म्हणायला हरकत नाही.

वाविलोव्ह १९२७ च्या सुरुवातीला तिथे पोहोचला. रास तफारी, जे पुढे सम्राट हैले सेलासी झाले, त्यांनी परवाना दिला. तो खेचरांचा तांडा घेऊन अदिस अबाबाहून उत्तरेला गोंदार, अक्सुम करत एरिट्रियातल्या अस्माराला गेला. गहू, जव, ज्वारी यांचे इतके प्रकार पाहून तो थक्क झाला आणि हजारो नमुने घेऊन परतला.

त्या वाटेवर नंतर गेलेल्यांना काय सापडले त्याची दोन उदाहरणे देतो. उत्तरेला वोलो नावाचा भाग आहे. तिथले शेतकरी काही ज्वाऱ्यांना नावे देतात त्यांचा अर्थ 'माझ्या तोंडात दूध', 'मध पिचकतो' असा आहे. १९७३ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात रामेश्वर सिंग आणि जॉन अ‍ॅक्स्टेल या शास्त्रज्ञांनी जगभरच्या हजारो ज्वाऱ्या तपासल्या. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो आणि तो अंगी लागण्यासाठी महत्त्वाचा असतो. तो भरपूर असलेल्या दोनच ज्वाऱ्या सापडल्या, आणि दोन्ही इथिओपियाच्या निघाल्या. तिथला शेतकरी त्या पुऱ्या वावरात लावत नव्हता. दाणा आत बसलेला, वजनाला हलका, उतारा कमी. तो नेहमीच्या ज्वारीत मिसळून थोडी पेरायचा आणि दाणा दुधात असताना भाजून खायचा. म्हणजे काय, तर हुरडा! लायसिन हा शब्द त्याला माहीत नव्हता. पण जिभेने त्याने ओळखले, नाव दिले आणि पिढ्यान्पिढ्या राखले. फायद्याचे पीक वेगळे आणि हुरड्याचे वेगळे, हा हिशेब तो करत होता.

दुसरे उदाहरण आपल्या खरिपाचे. इथिओपिया-सुदानच्या सरहद्दीवर झेरा-झेरा नावाची ज्वारी आहे. ठेंगणी करून तिच्यातून पैदाशीचे वाण तयार झाले. सीएसएच-५ आणि सीएसएच-९ हे संकरित वाण आपल्यापैकी बहुतेकांनी पेरले आहेत. दोघांचा नर वाण एकच, सीएस ३५४१. त्याच्यात झेरा-झेराचे रक्त आहे. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅटनेही झेरा-झेराचा खूप वापर केला. म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातल्या खरीप ज्वारीचे उत्पन्न वाढले त्यात तिकडच्या एका शेतकऱ्याच्या कणगीचा वाटा आहे. त्याचे नाव कोणत्याही पाकिटावर नाही.

आणि हा प्रकार एकटा नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात जवावर पिवळेपणाचा विषाणूरोग फार होता. त्याला प्रतिकार करणारा गुण सापडला तो इथिओपियाच्या जवात. त्यातून तिकडच्या शेतकऱ्यांचे पीक वाचले. चांगलेच झाले, तेही शेतकरीच आहेत. पण ज्याने तो जव राखला त्याच्याकडे कुणी धन्यवाद सांगायलाही गेले नाही.

इथिओपियात १९८४-८५ चा दुष्काळ पडला तेव्हा लोकांना बियाचे धान्य खावे लागले, विकावे लागले. पाऊस आला तेव्हा पेरायला बी नाही. बाहेरून मदतीचे बी आले, पण ते तिथल्या रानाचे नव्हते. त्या देशात १९७६ पासून बियांचे कोठार होते. त्याचे प्रमुख मेलाकु वोरेदे आणि त्यांचे सहकारी दुष्काळी भागातून बी गोळा करून ठेवत होते. पुढे त्यांनी ते शेतकऱ्यांना परत दिले, आणि शेतकऱ्यांच्याच वावरात निवड करून वाढवले. १९८९ मध्ये त्यांना त्यासाठी राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. २०१० नंतर तिथे आणखी एक प्रयोग झाला. कोठारातले कठीण गव्हाचे शेकडो जुने वाण शेतकऱ्यांच्या पुढे पेरले आणि त्यांनाच निवड करायला सांगितली. काही जुने वाण सुधारित वाणांपेक्षा सरस निघाले. वाविलोव्हच्या वाटेवर बी घेऊन जाणारे पुष्कळ झाले. परत आणून देणारे थोडे, आणि त्यांचे काम मोठे.

यातून काय घ्यायचे

मी 'जुने ते सोने' सांगायला आलो नाही. नव्या वाणाने, नव्या तंत्राने पैसे होत असतील तर शेतकऱ्याने ते घ्यावे, आणि घेण्याचे स्वातंत्र्य त्याला असावे. बी राखणे हे काही शेतकऱ्याचे व्रत नाही. पामीरचा शेतकरी बी राखतो कारण तिथे दुसरे उगवत नाही. वोलोचा शेतकरी राखतो कारण त्याला ते गोड लागते. कारण संपले की बी जाते. आपण हुरड्याच्या गोड ज्वाऱ्या, लाह्यांच्या ज्वाऱ्या, कडब्याच्या ज्वाऱ्या सोडल्या, कारण बाजारात सगळ्यांना एकच भाव, आणि तोही तोट्याचा. बी बुडते ते भावाच्या मागे बुडते. वाण वाचवा म्हणून शेतकऱ्याला उपदेश करणाऱ्यांनी आधी त्या वाणाला वेगळा भाव मिळू द्यावा.

पण एक गोष्ट आपल्याला सोडता येणार नाही. पसंती तेव्हाच खरी जेव्हा दुसरे काही हाताशी असते. स्वातंत्र्याच्या वेळी देशातला बहुतेक कापूस देशी वाणाचा होता. आज बहुतेक क्षेत्र बीटी संकरित कापसाचे आहे आणि दरसाल बी विकत घ्यावे लागते. काहींना ते परवडते. पण हलक्या रानात, पाऊस ओढ देतो तिथे, देशी सरळ वाण लावून पाहावा असे एखाद्याला वाटले तर बी कुठून आणायचे? शेजाऱ्याकडे नाही, पाहुण्यांकडे नाही. मग स्वातंत्र्य कागदावर उरते.

रब्बीत आपले नशीब बरे. मालदांडी ३५-१ ही सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रात १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेली. आजही ती पेरली जाते, घरचे बी चालते. निवडणाऱ्याचे श्रेय आहेच. पण ज्यातून निवडली ती मालदांडी ज्यांनी वाढवली त्यांची नोंद कुठे?

नोंद करण्याची सोय आता कायद्याने आहे. १९९३ मध्ये जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार लागू झाला आणि बियांवर त्या त्या देशाचा हक्क मानला गेला. देशाचा झाला, शेतकऱ्याचा नाही. आपल्या देशात २००१ साली वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा झाला. त्यात शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. फक्त संरक्षित वाण असेल तर छापील नावाने, लेबल लावून विकता येत नाही. शिवाय शेतकऱ्याला आपला वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येतो आणि त्याला फी लागत नाही.

काम काय करायचे

वाविलोव्ह वहीत जे टिपत होता ते आपल्याला टिपता येते. प्रत्येक गावात दोनशे पानी वही घाला. वाणाचे नाव जसे आजी सांगते तसेच लिहा. कुणाकडून आले, किती वर्षे घरात आहे, जमीन कोणती, कधी पेरतात, किती दिवसांत येते, कशासाठी वापरतात, कोणत्या साली पाऊस कमी असून तग धरली, हे सगळे लिहा. बायकांना विचारल्याशिवाय वही पुरी होणार नाही. कोणती भाकर दुसऱ्या दिवशी मऊ राहते ते पुरुषांना ठाऊक नसते.

बी घेताना सर्वांत मोठी दोन कणसे घेऊन चालत नाही. वावराच्या सगळ्या बाजूंनी फिरून पन्नास तरी झाडांची कणसे घ्या, म्हणजे वाणातले सगळे गुण येतात. ज्वारीत थोडा परागसंकर होतो, म्हणून दुसऱ्या ज्वारीपासून किमान दोनशे मीटर अंतर ठेवा, किंवा फुलोऱ्याआधी निवडक कणसांना कागदी पिशव्या बांधा. कापसाचे बी ठेवायचे तर मधल्या वेचणीची चांगली बोंडे वेगळी वेचा आणि जिनिंगला देऊ नका, तिथे सरकी मिसळते; हाताने सरकी काढा. बी कडक वाळवा, दोन घरांत ठेवा, दोन-तीन वर्षांनी पुन्हा पेरा.

थोडे बी कोठारातही द्या. अकोल्याला राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचे प्रादेशिक केंद्र आहे. पण देताना गावाचे आणि शेतकऱ्याचे नाव नोंदवून घ्या आणि पोच आणा.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने अशी एक वही आणि त्यातल्या एका तरी वाणाचे किलोभर बी आणावे. कुणाकडे काय आहे ते मंडपात मांडू, आणि ज्याला जे हवे ते मूठभर देऊ-घेऊ. नोंदणीचे अर्ज भरायला मी आणि आमचे कृषी पदवीधर मित्र दोन टेबले टाकून बसू. अर्जाला शेतकऱ्याचे नाव लागते, आणि ते या वेळी कोरे राहणार नाही.